वाचकांचे प्रश्न : सेमी-ऑटो बारा बोअर आणि परवाना

आजोबा नुकतेच वारले. त्यांची बारा बोअरची एकनळी बंदूक घरी आहे, सगळे तिला ‘ऑटो’ म्हणतात. ती माझ्या नावावर होईल का? (गडहिंग्लज)

आधी ती नेमकी कुठली बंदूक आहे ते ओळखा. नळीखालचे लाकूड, जिथे डावा हात धरतो, ते हाताने मागेपुढे सरकवून काडतूस चढत असेल तर ती पंप ॲक्शन. ते लाकूड जागचे हलत नसेल, उजव्या बाजूला बोल्टची (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या भागाची) छोटी मूठ असेल आणि बार उडाल्यावर बोल्ट आपसूक मागे जाऊन पुढचे काडतूस चढवत असेल, तर ती सेमी-ऑटोमॅटिक.

हा फरक निर्णायक आहे. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पिस्तुले वगळता सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रे १(ब) या निर्बंधित गटात येतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालय देते आणि देताना अर्जदाराच्या जिवाला गंभीर धोका आहे का, हे पाहते. हौस हे कारण तिथे चालत नाही. साध्या एकनळी-दुनळीचा परवाना कोल्हापुरात जिल्हाधिकारी देतात, कारण इथे पोलीस आयुक्तालय नाही.

परवानाधारक गेल्यावर बंदूक कपाटात ठेवून अर्जाची वाट पाहणे, ही घरोघरी होणारी चूक. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर मेक (बनावटीचे नाव), बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आणि नळीवरचा क्रमांक मूळ परवान्याशी ताडून घ्या. एक अंक चुकला तरी पुढे प्रकरण अडकते. मग मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांची ना-हरकत जोडून अर्ज करा. वय २१ पूर्ण हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरूनही दोनच शस्त्रे ठेवता येतात.

जमा करण्याआधी ती रिकामी आहे याची खात्री जाणकाराकडूनच करून घ्या. बोल्ट ओढला की चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यातले, काडतूस बाहेर पडते, पण मॅगझिनमधले (जादा काडतुसांच्या साठ्यातले) पुढचे त्या जागी चढू शकते. एक पडले म्हणून बंदूक रिकामी झाली असे समजणे जीवघेणे ठरते.

ट्रॅप शूटिंग, म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, सुरू करायची आहे. सेमी-ऑटोचा धक्का कमी बसतो म्हणतात, मग तीच का घेऊ नये? (कसबा बावडा)

गॅसवर चालणाऱ्या, म्हणजे बार उडाल्यावरच्या गॅसने बोल्ट मागे ढकलणाऱ्या, सेमी-ऑटोचा धक्का खरोखरच सौम्य असतो. बोल्ट मागे जाताना धक्का थोड्या जास्त वेळात विभागला जातो. आंतरराष्ट्रीय नियमांतही सेमी-ऑटो चालते, बंदी पंप ॲक्शनला आहे. तरी नवख्याने वर-खाली दोन नळ्यांचीच घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. परवान्याची अडचण आहेच. शिवाय स्पर्धेत छर्‍यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंतच चालते. एवढ्या हलक्या काडतुसाचा गॅस कमी पडला किंवा गॅसच्या भोकात काजळी साचली, की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामे काडतूस अडकते. दोन नळ्यांना दोन वेगळे चोक (छर्‍यांचा फैलाव ठरवणारे नळीच्या तोंडाचे आकुंचन) मिळतात, आणि मोडून उघडलेली बंदूक रिकामी आहे हे रेंजवर लांबूनही दिसते.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या कोल्हापूरच्या नेमबाजांमुळे इथे रायफल-पिस्तुलाचे वातावरण आहे. ट्रॅपला मात्र मोकळे मैदान आणि तबकड्या फेकणारी यंत्रे लागतात. बंदुकीआधी रेंज शोधा.

रानडुकरे ऊस उद्ध्वस्त करतात. पीकसंरक्षणासाठी सेमी-ऑटो मिळेल का? (राधानगरी)

नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीची तरतूद आहे. २० इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक स्वसंरक्षण किंवा खेळासाठी. आणि परवाना हातात आला म्हणून डुक्कर मारता येत नाही. त्यासाठी वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गव्याच्या तर वाटेलाच जाऊ नका. पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज द्या.

जुन्या दुनळीत ७६ मिमीची काडतुसे सहज बसतात. वापरू का? (आजरा)

मुळीच नाही. काडतुसावरची लांबी उडाल्यानंतरची असते. न उडालेले आखूड असल्याने ७० मिमीच्या चेंबरमध्ये बसते. उडताना मात्र त्याचे तोंड चेंबरपुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत वाढतो. नळीवरचा आकडा वाचा. तो झिजला असेल तर बंदूक कारागिराकडून चेंबर मोजून घेईपर्यंत एकही बार काढू नका.