अंटार्क्टिका खंड पूर्वी हिरवागार होता म्हणतात, मग तो गोठला कसा? खंड सरकल्यामुळे का?

हो, पण फक्त त्यामुळे नाही. 5 कोटी वर्षांपूर्वीही अंटार्क्टिका जवळपास आजच्याच जागी, दक्षिण ध्रुवावर होता, तरी त्याच्या किनाऱ्यावर जंगल होतं. तिथल्या समुद्रतळाला भोक पाडून काढलेल्या गाळात चक्क ताडवर्गीय झाडांचे परागकण सापडले आहेत! म्हणजे नुसतं ध्रुवावर असून भागत नाही.

पुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका त्याच्यापासून सुटून दूर गेले, मधे खोल समुद्र आला. अंटार्क्टिकाभोवती गोल फिरणारा थंड प्रवाह हळूहळू तयार झाला आणि उत्तरेकडून येणारं उबदार पाणी अडलं. सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठं हिमावरण बसलं. पूर्वी सगळं श्रेय या प्रवाहाला दिलं जाई. मला हवेतला कार्बन डायऑक्साइड घटणं हे जास्त मोठं कारण वाटतं. अर्थात त्यातही खंडांचा हात आहेच: खंड आदळून डोंगर उठले की पावसाने त्यांचे खडक झिजतात, आणि त्या रासायनिक क्रियेतून हवेतला कार्बन शेवटी समुद्रतळाशी चुनखडी होऊन बसतो. याला लाखो वर्षं लागतात.

सगळे खंड एकत्र आले तर काय होतं, हे पाहायचं असेल तर 25 कोटी वर्षांपूर्वीच्या पँजिया या एकसंध महाखंडाबद्दल वाचा. समुद्र इतका लांब, की आतल्या भागात पाऊस फारसा पोचतच नव्हता.