चेताविष, मज्जाविष की नुसतेच विष?

भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे: "'एमपीटीपी हे डोपामिन बनवणाऱ्या मेंदूपेशी मारणारे न्यूरोटॉक्सिन आहे' या वाक्यातल्या न्यूरोटॉक्सिनला मराठीत काय म्हणू? शिवाय हे रसायन स्वतः तितकेसे विषारी नाही म्हणे. मग 'विषजनक' लिहू का?"

पहिल्या प्रश्नात फार अडायला नको. 'नर्व्हस सिस्टिम' शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था असते, डॉक्टरांच्या तोंडी मज्जासंस्था, विश्वकोशात तंत्रिका तंत्र. मी 'चेताविष' घेईन. 'मज्जाविष' म्हटले की हाडातली मज्जा आधी डोळ्यांपुढे येते. बोलीतली 'नस' तर बिनकामाची, कारण दबते ती नस वेगळी आणि कापली जाते ती वेगळी.

दुसरा प्रश्न मात्र चघळण्यासारखा आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी लाकडासारखे ताठ झाले. हलता येईना, बोलता येईना. एरवी उतारवयात, वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा कंपवात (डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या मेंदूपेशी मेल्याने होणारा पार्किन्सन्स) यांना काही दिवसांत गाठून गेला होता. चेतारोगतज्ज्ञ डॉ. विल्यम लँगस्टन यांनी माग काढला, तेव्हा चोरून बनवलेल्या नशेच्या पुडीत एमपीटीपी सापडले. नशेचे जे रसायन बनवायचे होते, ते बनवताना प्रक्रिया चुकली की हे आपोआप तयार होते.

एमपीटीपी रक्तातून मेंदूत सहज शिरते. तिथल्या आधारपेशींमधले एमएओ-बी हे विकर (एन्झाइम) त्याचे रूप पालटते आणि अखेरीस एमपीपी-प्लस तयार होते. खरा मारेकरी हा. डोपामिन पेशीत परत ओढून घेणारा वाहक याला आपलाच समजून आत घेतो, आणि आत गेल्यावर हा पेशीची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बंद पाडतो. माकडांना आधी एमएओ-बी रोखणारे औषध दिले, तर पेशी वाचतात.

म्हणून 'विषजनक'? माझे मत, नको. रोगजनक जिवाणू रोग उत्पन्न करतात, तसे विषजनक म्हणजे विष निर्माण करणारे. इथे तर एमपीटीपीचेच विष होते. दुधाचे दही होते म्हणून आपण दुधाला दहीजनक म्हणत नाही. अगदी काटेकोर लिहायचे तर 'पूर्वविष' करता येईल, पण ते पहिल्यांदा वापराल तिथेच त्याचा अर्थ सांगा.

आणि रोजच्या मराठीला या बारकाव्याचे सोयरसुतक नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळे. मिथेनॉलचेही तसेच: यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि मुख्य घात ते करते. तरी बातम्यांत 'विषारी दारू' असेच आले, आणि ते चूक नव्हते. तेव्हा सर्वसाधारण वाचकासाठी एमपीटीपीला खुशाल चेताविष म्हणा.

'औषध' या शब्दापासून मात्र सांभाळा. आपल्याकडे उंदराचे औषध, पिकावर मारायचे औषध. 'त्यानं औषध घेतलं' हे गावात कोणत्या सुरात सांगतात ते ऐकणाऱ्याला कळते. एमपीपी-प्लस एकेकाळी सायपरक्वाट या नावाने तणनाशक म्हणून अजमावले गेले होते. म्हणजे शेतावर आले असते, तर तेही 'तणाचं औषध'च झाले असते.