मीटर म्हणतो 20 टक्के, पीक मात्र माना टाकतंय

प्रश्न : कोरडवाहू शेतासाठी दोन पिनांचा ओल मोजायचा मीटर घेतला. भारी चिकण मातीत तो 20 टक्के दाखवतो आणि तिथंच पीक सुकतंय, वाळूसर पट्ट्यात 12 टक्केच दाखवतो आणि तिथलं पीक टवटवीत. मीटर बिघडलाय का?

उत्तर : लगेच त्याच्यावर खापर नका फोडू, दोन्ही आकडे बरोबर असू शकतात! चिकण मातीचे कण इतके बारीक की पाणी घट्ट धरून बसतात, साधारण 20-25 टक्के पाणी तर मुळांना ओढताच येत नाही, ते जमिनीत असून नसल्यासारखं. वाळूत असं अडकलेलं पाणी 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वाळूसर पट्ट्यात 12 मधले 7 टक्के पिकाच्या वाट्याचे, वरच्या 30 सेंटिमीटरमध्ये धरले तर 21 मिलिमीटर पाणी झालं, आणि भारी मातीत हिशोब जवळपास शून्य. नुसता टक्का बघून काही कळत नाही, आपल्या मातीत पीक कितीला सुकतं ते आधी माहीत पाहिजे.

आता मीटरचं. हे मीटर मातीतून वीज किती सहज जाते त्यावर चालतात, खारवट जमिनीत ओल नसतानाही आकडा फुगतो, आणि भारी जमीन सुकून भेगाळली की पिनेभोवती हवा राहते आणि आकडा धाडकन खाली येतो. म्हणून एकदा तरी वजनाने ताडून बघा. गिरमिटाने 0-15, 15-30, 30-60 सेंटिमीटर अशी वेगवेगळ्या खोलीची माती काढायची, लगेच डबीत बंद करायची, वजन करायचं, ओव्हनमध्ये 105 अंशांवर 24 तास ठेवून परत वजन. 120 ग्रॅमची 100 झाली तर वजनाने 20 टक्के. पण हा टक्का वजनाचा, मीटरचा असतो आकारमानाचा, तेव्हा याला मातीच्या घनतेने (बहुतेक 1.2 ते 1.6) गुणायचं आणि मगच तुलना करायची, इथं भलेभले फसतात.

प्रश्न : मग टेन्शिओमीटर (माती पाणी किती ओढून धरते ते मोजणारी पाण्याने भरलेली नळी) घेऊ का?

उत्तर : बागायतीला छान, कोरडवाहूत पैसे वाया. माती जरा जास्त सुकली, ओढ 80 किलोपास्कलच्या वर गेली की नळीत हवा शिरते आणि काटा शून्याकडे येतो, बघणाऱ्याला वाटतं वा, भरपूर ओल आहे! पिकं तर 1500 किलोपास्कलपर्यंत तग धरतात. त्यापेक्षा जिप्सम ब्लॉक (मातीत पुरायचा जिप्समचा ठोकळा, त्यातून वीज किती जाते त्यावरून ओल कळते) बरा, कोरड्यात चालतो, फक्त काही वर्षांत विरघळतो तेव्हा बदलावा लागतो.

प्रश्न : मोठं चराऊ कुरण आहे, सेन्सर एकच परवडेल. कुठं बसवू?

उत्तर : गुरं बसतात ती जागा, पाणवठ्याजवळची पायवाट, झाडाखालची सावली, हे सोडून. तिथली माती तुडवून दगडासारखी झालेली असते, पाणी मुरतच नाही. जिथं नेहमीसारखं गवत आहे तिथं बसवा, वायर पाइपातून पुरून न्या, नाहीतर गुरं आणि उंदीर दोघं मिळून निकाल लावतील. खडी जास्त असेल तर आकडा आणखी फसवा, कारण दगडात पाणी नसतंच.

आणि खरं सांगू, एका सेन्सरपेक्षा टोकाला छोटी गोळी असलेली लोखंडी सळई घेऊन 20 ठिकाणी फिरा. अंगाच्या जोराने दाबायची, ओल आहे तिथपर्यंत जाते आणि कोरडं लागलं की अडते (दगड लागला तर टण्ण आवाज येतो, कळतं लगेच). पाऊस पडून दोन दिवसांनी असं केलं की ओलीला ओल भिडली की मध्ये कोरडा थर राहिलाय ते समजतं. सळई 20 सेंटिमीटरलाच अडली तर वरून कितीही हिरवं दिसू दे, गुरं जरा कमीच सोडा.

प्रश्न : उपग्रहाचे ओलीचे नकाशे फुकट मिळतात, ते वापरू का?

उत्तर : भागात दुष्काळाचा कल कसा आहे ते बघायला वापरा. 2015 मध्ये सोडलेला नासाचा स्मॅप उपग्रह वरची साधारण 5 सेंटिमीटर माती बघतो आणि त्याचा एकेक ठिपका कित्येक किलोमीटरचा, त्यात तुमचं शेत शोधून सापडायचं नाही.