नकाशातली तारीख म्हणजे बांधकामाची तारीख नव्हे

ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशाचा, जुना डेटा काढून शहर किती वाढलं ते मोजायचंय ना? मग आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. इमारतीसमोर दिसणारी तारीख ही कुणीतरी ती नकाशात काढली किंवा बदलली त्याची असते. इमारत त्याआधी पन्नास वर्षं उभी असू शकते. मी पहिल्यांदा आलेख काढला तेव्हा एका महिन्यात इमारती दुप्पट! दोन दिवस हरखून फिरलो. नंतर कळलं, कुणीतरी सरकारी डेटा एकगठ्ठा आयात केला होता.

रस्त्यांचं तर आणखी वेगळं. एक रस्ता मधोमध तोडला की एका तुकड्याला नवा आयडी मिळतो आणि त्याची आवृत्ती पुन्हा १ पासून सुरू. म्हणजे जुनाच रस्ता तुला कोरा करकरीत दिसणार. त्यामुळे आयडी मोजू नकोस, लांबी मोज.

खरं-खोटं ताडायला उपग्रहचित्रं घे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचा साठा १९७२ पासूनचा आहे आणि फुकट आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं २०१५ पासून मिळतात, पण त्यात पिक्सेल १० मीटरचा. ज्या दोन वर्षांची तुलना करायची त्यांची चित्रं एकाच ऋतूतली निवड, नाहीतर सुकलेलं शेत वस्ती म्हणून मोजलं जाईल.

आणि हो, क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करून दाखवायच्या वेब नकाशांच्या नेहमीच्या पद्धतीत, काढू नकोस. ६० अंश अक्षांशावर ते चौपट येतं.