डिझेल सांडलेल्या जागी पीक पिवळं का पडतं?
विहिरीवरच्या इंजिनाजवळ डिझेल सांडलं आणि तिथलं पीक पिवळं पडलं, असं तुम्ही विचारलंय. डिझेलचा चटका मुळांना बसतोच, पण मोठं कारण म्हणजे नत्राची उपासमार. डिझेलमध्ये कार्बन भरपूर, नत्र जवळपास नाहीच. डिझेल खाणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि लागणारं नत्र मातीतूनच ओढतात. पिकाला उरत नाही. त्यात मातीतल्या अमोनियमचं नायट्रेट (पिकाला सहज घेता येणारं नत्र) करणारे जिवाणू फार नाजूक, ते तेलाने मंदावतात. म्हणून थोडा युरिया, कुजलेलं शेणखत घालून माती खालीवर करत राहा, ओल टिकवा. अलास्कात १९८९ च्या तेलगळतीनंतर किनाऱ्यांवर नत्रयुक्त खतंच टाकली होती. विहिरीला लागूनच बरंच सांडलं असेल, तर मात्र ती माती आधी उचला.