विद्यापीठ ग्रंथालयात ‘ज्ञान व्यवस्थापना’मुळे कामगिरी खरंच सुधारते, की हे फक्त प्रबंधिकेपुरतं?

एम.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधिकेसाठी विचारताय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी देवघेव आणि मग संदर्भ विभागात बरीच वर्षं काढली आहेत. ज्ञान व्यवस्थापन म्हणजे माणसांच्या डोक्यातली कामाची माहिती सगळ्यांना वापरता येईल अशी ठेवणं. त्याने कामगिरी सुधारते, पण ते सॉफ्टवेअर घेतल्याने नाही.

आमच्याकडे एक परिचर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका पावसाळ्यात छत गळायला लागलं म्हणून जुन्या मासिकांचे बांधीव खंड घाईघाईने दुसऱ्या खोलीत हलवले, ते तिथेच राहिले. त्याची नोंद कुठेच नव्हती, फक्त मामांना ठाऊक होतं. मामा निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, आणि पुढच्याच महिन्यात पीएच.डी.ची एक मुलगी त्यातला खंड मागायला आली. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत, ‘उपलब्ध’; कपाटात पत्ता नाही. तीन दिवस शोधाशोध केली आणि शेवटी मामांना फोन लावला. त्यांनी जेवता जेवता जागा सांगितली.

नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५मध्ये अव्यक्त ज्ञान, म्हणजे डोक्यात असलेलं पण कुठे न लिहिलेलं, व्यक्त करण्याबद्दल जे मांडलं, ते तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. आमच्यासाठी ते मामांचा फोन नंबर होतं.

दुसरं उदाहरण मराठी ग्रंथालयांचं खास दुखणं आहे. जुन्या नोंदी रोमन लिपीत. ‘ज्ञानेश्वर’ कुणी डी-एन-वाय लावून भरलाय, कुणी जे-एन लावून. वाचक एकदा टाइप करतो, काही येत नाही, निघून जातो. काउंटरवरचा जुना माणूस मात्र न सांगता दोन्ही प्रकारे शोधतो. मग आम्ही काउंटरवर एक साधी दोनशे पानी वही ठेवली: ज्या प्रश्नाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तो प्रश्न आणि उत्तर कुठे सापडलं ते लिहायचं. पहिले काही आठवडे कुणी लिहिलं नाही. ‘हे कुणाला दाखवायचंय?’ असं विचारत होते. वरिष्ठांनी स्वतःच्या चुका लिहायला सुरुवात केली, तेव्हा वही भरायला लागली. नव्याने रुजू झालेल्यांना आम्ही आधी तीच वाचायला देतो.

आता कामगिरी. आपल्याकडे नॅकची, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली की वाचकांची रोजची संख्या, पुस्तकांवरचा खर्च, ई-जर्नल्सची वर्गणी असे आकडे जमवतात. त्यात वरचं काहीच दिसत नाही. आयएसओ ११६२० या ग्रंथालयांच्या कामगिरीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र बंद कपाटातून पुस्तक मिळायला लागणारा वेळ, संदर्भ प्रश्नांना बरोबर मिळालेली उत्तरं असे निर्देशक आहेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच नियमांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, १९३१चा आहे. मोजायचं ते हेच.

म्हणून एक विनंती: ग्रंथपालांना ‘आपल्याकडे ज्ञान व्यवस्थापन आहे का? पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ...’ अशी प्रश्नावली पाठवू नका. सगळे ‘सहमत’वर खूण करतील, मीही केली असती. त्यापेक्षा दोन-तीन ग्रंथालयं निवडा. प्रत्येकाच्या ओपॅकमधून ‘उपलब्ध’ दाखवणाऱ्या तीस नोंदी काढा, त्यात निम्म्या जुन्या मराठी पुस्तकांच्या असू द्या, आणि हातात घड्याळ घेऊन शोधायला लागा. कुठे तुम्हाला वही दाखवतात आणि कुठे ‘अमुक साहेब आज रजेवर आहेत’ म्हणतात, तेही लिहून ठेवा.