पेटीतले बाळ कुणाचे?

प्रश्न : माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. नातू १३५० ग्रॅमचा आहे आणि सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आहे. त्याला नळीने दूध देतात. सिस्टर रोज माझ्या मुलीला तासन्‌तास बाळ उघड्या छातीवर धरून बसायला सांगतात. काचेची पेटी असताना ओल्या बाळंतिणीला हा त्रास कशासाठी? बाळाला थंडी बाधणार नाही का, जंतुसंसर्ग होणार नाही का?
– एक आजी, कराड

उत्तर : आजी, तुमची काळजी रास्त आहे, पण सिस्टर आपले काम तुमच्या मुलीवर ढकलत आहेत असे कृपया समजू नका. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही, आणि मिळालेले दूध ऊब राखण्यातच खर्ची पडले की वजन वाढायला काही उरत नाही. लंगोट, टोपडे आणि पायमोजे एवढेच घालून बाळाला आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभे धरले आणि वरून दुपटे गुंडाळले, की ही ऊब त्याला आयती मिळते. शिवाय आईच्या श्वासाच्या लयीत त्याचा श्वासही बराच स्थिर राहतो.

ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली, तेव्हा कारण निव्वळ अडचणीचे होते. पेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत आणि त्यांच्यात संसर्ग पसरे. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही ‘कांगारू’ शुश्रूषा सुरू केली, तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात. संसर्गाचे प्रमाणही त्या बाळांत कमीच होते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली गेली. दिवसाला आठ ते चोवीस तास, जितके जमेल तितके, बाळाला असे धरावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे.

राहिला दुधाचा प्रश्न. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, म्हणून तोवर नळी आणि मग वाटी-चमचा किंवा बोंडले. मुलीने दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढत राहावे, पहिला चिक तर थेंबभर निघाला तरी टाकू नये. आणि ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ असे कोणी ऐकवले तर मनावर घेऊ नका. गर्भात घालवलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. टाक्यांमुळे मुलीला बसवत नसेल तर टेकून बसता येईल अशी खुर्ची मागा. ती थकली, की हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, बांगड्या-अंगठ्या काढून, सिस्टरांच्या देखरेखीखाली तुम्हीच नातवाला छातीशी घ्या.

प्रश्न : आमच्या मुलीला हात लावायची मला भीती वाटते. कुरवाळले की ती दचकते आणि मॉनिटर वाजू लागतो. मी लांबच राहावे का?
– एक वडील, सोलापूर

उत्तर : लांब राहू नका; कुरवाळणे तेवढे थांबवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हलका, फिरता स्पर्श सहन होत नाही, स्थिर स्पर्श मात्र आवडतो. हात धुऊन, चोळून ऊबदार करा; एक तळवा तिच्या डोक्यावर अलगद टेकवा, दुसऱ्याने दुमडलेले पाय सावरून धरा आणि काही मिनिटे हात अजिबात हलवू नका. तिची बोटे उलगडताना तुम्हाला दिसतील. यंत्र पुष्कळदा पायाचा सेन्सर सैल झाल्यानेही वाजते, तेव्हा आधी बाळाकडे पाहा आणि मग सिस्टरांना हाक मारा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, ती कधी होणार हे मात्र आजच विचारून ठेवा.

प्रश्न : मी नवजात शिशू विभागात नवीन परिचारिका आहे. बाळाची प्रकृती नाजूक असली की पालकांशी काय बोलावे हे मला सुचत नाही.
– एक परिचारिका, नाशिक

उत्तर : निदान आणि पुढची शक्यता डॉक्टरांनी सांगावी, पण रात्रभर बाळापाशी तुम्ही असता, त्यामुळे तुम्ही जे पाहिले ते सांगण्याचा अधिकार तुमचाच. उभ्या-उभ्या बोलू नका, खुर्ची ओढून बसा. ‘सगळे ठीक होईल’ असेही म्हणू नका आणि ‘आता देवाच्या हातात’ असेही नको. ‘पहाटे जांभई दिली, दोन मिलिलिटर दूध पचले, दोनदा श्वास थांबला तेव्हा तळव्याला चोळल्यावर पुन्हा घेतला’ असे बोला. आई रडली तर तिला थांबवू नका.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका वडिलांना मी जाता जाता ‘वजन साठ ग्रॅमने उतरले आहे’ एवढेच सांगून औषधांच्या खोलीत गेले. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरतेच, हे मला इतके अंगवळणी पडले होते, की ते सांगायचे राहूनच गेले. सकाळी पाळी संपवून बाहेर आले, तेव्हा ते गृहस्थ चपला हातात घेऊन दाराशी तसेच उभे होते, आणि त्यांनी मला विचारले, ‘सिस्टर, आता किती उरले?’